बारावा दगड

आमच्या बागंत झाडं किती हायत ते मला इचारू नका. दगड किती ते इचारा, झोपंतबी सांगीन. बारा. तेतले आकरा सरकारी आन् एक माझा. त्या एका दगडापायी मी जे जे केलं ते ऐकून कुनी मला येडा म्हनल, कुनी बेरकी म्हनल. दोन्ही म्हना, मला राग न्हाय.

मी नागनाथ तळभंडारे. सोलापुरात पान्याच्या टाकीमागं एक बाग हाय, तितं एकतीस वर्सं माळी हुतो. कागदावर बागंचं नाव मोठं हाय, पर लोक कारंजाची बाग म्हनत्यात. कारंजं एकदाच उडालं. उद्घाटनाच्या दिवशी, पंधरा मिनटं, तेबी टँकरच्या पान्यावर. जितं नळाला चार दिवसाआड पानी येतंय तितं कारंजं कुनी बांधलं हे इचारायची सोयच न्हाय, कारन बांधनाऱ्यांची नावं दगडावर कोरलेली हायत. भूमिपूजनाचा एक दगड, लोकार्पनाचा एक, मग तेच्या जागी नूतनीकरनाचा एक. साहेब लोक तेला कोनशिला म्हनत्यात.

बाकीच्या गोष्टींचंबी तसंच. हुतात्म्यांचा खांब हाय. खांबावर नावं चार, आन् खालच्या दगडावर खांब उभारनाऱ्यांची तेरा. मागावर बसलेला एक सिमेंटचा विनकर हाय, तेचा धोटा धरलेला हात कवाच तुटलाय, पर तेच्या दगडाला टवका गेलेला न्हाय. बंद पडलेल्या गिरनीचं एक लोखंडी चाक रुपेरी रंग देऊन हिरवळीवर उभं केलंय. ईरम्मा म्हनून एक म्हातारी रोज सकाळी येती. तिचा नवरा त्याच गिरनीत बत्तीस वर्सं हुता. ती चाकाला हात लावती, तोच हात कपाळाला लावती आन् मग बाकावर बसून सुपात विड्या वळती. चाकाच्या म्होरं एक दगड दोन पायांवर उभा हाय. लग्नपत्रिकंत बी येवढी नावं नसत्यात. पाठ मात्र तेची कोरी.

मी हे सगळे दगड एकतीस वर्सं धुतले. झाडाला पानी नसलं तरी चालतंय, दगडावर धूळ दिसली की साहेबाला फोन जातोय.

आता माझ्या बायकूचं सांगतो. भीमाबाई. कारंजं बांधलं तवा ती ठेकेदाराकडं बिगारी हुती. दोन हजार दोनचा उन्हाळा. टाकीपासून कारंजापर्यंत काळा दगड डोक्यावर वाहायचा, चुंबळीचं कापड घामानं पिळायला यायचं. सोलापूरचं ऊन काय चीज हाय ते मी सांगाया नको. उद्घाटनाच्या दिवशी कामावरच्या बाया कुंपनापाशी उभ्या केल्या. समदं पांगल्यावर ती माझ्यापाशी आली. तिला वाचता येत नव्हतं. म्हनली, "वाचा की, काय लिवलंय."

मी वाचून दाखवलं. मंत्र्यापासून उपअभियंत्यापर्यंत सतरा नावं. मधोमध ठळक अक्षरात नगरसेवक महिपती शिरगिरे.

ती म्हनली, "आन् ज्येनी दगड वाहिला तेंचं नाव कुटं हाय?"

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. म्हनलं, "तुजं नाव घालायला डोंगर आनावा लागंल." तीबी हसली. मग घरी जाऊन भाकरी थापाया बसली. त्या गोष्टीला एकवीस वर्सं झाली, आन् ती वारली तवा मला दुसरं काय आठवलं न्हाय, माझं ते हसनं आठवलं. काविळीनं आठ दिवसात गेली. दवाखान्यातबी तिनं कुनाला त्रास दिला न्हाय. मला लई वाईट वाटलं, आजबी वाटतंय.

मग मी काय केलं ते सांगतो. दोन हजार सातात महिपतीअण्णा पडले. निवडून आलेल्यानं पयलं काम काय केलं? कारंजं दुरुस्त? छ्या. अण्णांचा लोकार्पनाचा दगड पहारीनं काढला आन् आपला नूतनीकरनाचा बसवला. जुना दगड रोपवाटिकंच्या मागं, खताच्या ढिगाजवळ पडून हुता. एक कोपरा तुटलेला, बाकी धडधाकट. मी तोच दगड घेतला. मुद्दाम तोच. खोटं कशाला बोलू.

धुळा पाथरवट माझा जुना दोस्त. तेला म्हनलं, पालथा घाल आन् पाठीवर कोर. तेनं दोन दुपारी बसून कोरलं:

भीमाबाई नागनाथ तळभंडारे
हिने या बागेचे दगड वाहिले

लिंबाच्या झाडाखाली पार हाय. एका रैवारी दुपारी, बागंत चिटपाखरू नसताना, आमी दोघांनी पाराच्या भिंतीत तो दगड बसवला. भीमाबाई भाईर, सतरा मानसं आत मातीत. परवानगी कुनाची? कुनाचीच न्हाय. मला येवढंच पायजे हुतं की मी रिटायर झाल्यावरबी तिचं नाव ह्या बागंतनं कुनी काढू नये. जलमात दुसरं काय मागितलं न्हाय.

मग आली लोकसभा. निवडनूक लागली की आचारसंहिता लागती, आन् आचारसंहिता लागली की जिथं जिथं पुढाऱ्याचं नाव दिसंल तितं कागद चिकटवायचा. आमच्यासाठी हा सनच. मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, खाकी कागद कापायचा आन् एकेक दगड झाकायचा. मागं एकदा गाईनं खळीच्या वासानं येऊन महापौराचा कागद चाटून खाल्ला. महापौर उघडा पडला आन् खुलासा माझ्याकडनं मागितला. तवापासनं मी खळीत चिमूटभर मिरचीपूड घालतोय.

पथकाच्या प्रमुख चंद्रिका मॅडम हुत्या. तशा मंद्रूपच्या शाळंत मुख्याध्यापिका, पर निवडनुकीला मास्तर लोकाला कुटंबी जुंपत्यात. डोईवर पदर, हातात यादी, पायात बूट. तेंच्या संगं मी फिरत हुतो. आकरा दगड झाले. बाई पाराजवळ थांबल्या.

"हा बारावा कुठून आला? यादीत अकराच आहेत."

मी खळ ढवळाया लागलो. म्हनलं, "असाच हाय, मॅडम."

"भीमाबाई तळभंडारे. कोणत्या पक्षाच्या?"

"पक्ष न्हाय."

"अपक्ष?"

"मॅडम, ती कधी उभीच राहिली न्हाय. दगड वाहताना उभी राहायची तेवढंच."

बाईंनी माझ्याकडं बगितलं, मग नावाकडं बगितलं, मग माझ्या खिशावरच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं. त्या समजल्या. पर हाताखालचा कारकून लई हुशार. तो म्हनला, "मॅडम, नाव दिसतंय म्हणजे झाकायला हवं. उद्या कोणी फोटो काढून तक्रार केली तर?" मॅडमनी सुस्कारा टाकला आन् यादीत लिवलं: अनुक्रमांक बारा, भीमाबाई तळभंडारे, पक्ष, माहिती उपलब्ध नाही.

माझ्या हातानं मी माझ्या बायकूच्या नावावर कागद चिकटवला. ईरम्मा बाकावरनं बगत हुती. म्हनली, "नागनाथ, तुझी बायकू बी पुढारी झाली की रे." तिला चेष्टा करायची नव्हती, पर मला तेवढ्यातबी हसू आलं.

मग रातभर इचार केला आन् मला उलगडलं. यादीवर सरकारी शिक्का हाय. झाकायच्या यादीत नाव आलं, म्हंजे ह्यो दगड हितं हाय हे सरकारनं कबूल केलं. एकतीस वर्सांच्या नोकरीत मला कायम व्हायला नऊ वर्सं लागली हुती. भीमाबाई एका दिवसात कायम झाली.

ते खरंच कामाला आलं. निवडनूक सरल्यावर आमचे बाग निरीक्षक अभिमन्यू साहेब पाराजवळ आले. मानूस वाईट न्हाय, नुसता भित्रा. म्हनले, "नागनाथ, हा दगड अनधिकृत आहे. काढून टाका, मी काही बघितलं नाही."

मी यादीची झेरॉक्स म्होरं धरली. "साहेब, काढतो की. पर विधानसभेला पथक येईल, बाराच्या जागी आकरा भरतील. बारावा दगड कुटं गेला म्हनून तुमाला इचारतील."

साहेबांनी यादी तीनदा वाचली, घाम पुसला आन् मला म्हनले, "पारावर जरा चुना मारून घ्या." म्हंजे इषय संपला. विधानसभेला तो परत झाकला, परत उघडला. एकतीस मेला मी रिटायर झालो. आमच्या पिढीत शाळंत घालताना मास्तरनं सगळ्यांची जन्मतारीख एक जून टाकली, म्हनून आमी समदे एकाच दिवशी म्हातारे होतो. शाल घेतली, नारळ घेतला, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी परत बागंत जाऊन बसलो. आता फुकट.

वाटलं, झालं, आता कुनाचं भ्या न्हाय. पर आपलं नशीब असं की सरकारला पटवलं तर पुढारी उठतोय.

महिपतीअण्णांचा पोरगा ऋतुराज. अण्णा वारून सात वर्सं झाली. पोराचे चौकाचौकात फ्लेक्स, खाली लिवलेलं 'भावी नगरसेवक'. पालिकंची निवडनूक लांबत लांबत चालली हुती, तेच्यामुळं तेचं भावीपन काय सरना. दिवाळीच्या आधी एक दिवस तो बागंत आला. एरवी माझ्याकडं मान वळवून न बगनारा मानूस, लांबनंच हात जोडून म्हनला, "जयभीम, मामा." मी मनात म्हनलं, निवडनूक जवळ आली.

तो म्हनला, "मामा, मामींचा दगड बघितला. डोळ्यात पाणी आलं. अशी कष्टकरी माउली झाडाखाली कोपऱ्यात? नाही चालणार. गेटजवळ चौथरा बांधतो, ग्रॅनाइटचा. मामींना सन्मानानं तिथं बसवू. सगळ्या वस्तीला बोलावू."

मी नको म्हनलं. तीनदा म्हनलं. पर तेच्या संगं चार पोरं हुती, पहार हुती, फोटोवाला हुता. निरीक्षक साहेबांनी कवाच मान डोलावली हुती. दगड पारातनं निघाला, पोरांनी तो आडवा केला, माती झटकली. आन् समद्यांनी वाकून बगितलं.

महिपती शिरगिरे. मधोमध, ठळक अक्षरात.

ऋतुराज खाली बसला. बोटानं अक्षरातली माती काढाया लागला. म, मग हि. तेचे डोळे खरंच भरले. फोटोवाला फोटो काढाया लागला तर तेच्यावर खेकसला, "बंद कर ते." मग माझ्याकडं वळला. "मामा, माझ्या बापाचं नाव मातीत घातलं तुम्ही?"

"भैय्या, मातीत म्या घातलं न्हाय. खताच्या ढिगावर हुतं. तितनं मी काढलं. तुमी अठरा वर्सात एकदाबी शोधलं न्हाय."

लागलं तेला. मलाबी वाईट वाटलं, म्हनून खरं हुतं ते सांगितलं. त्या उन्हाळ्यात समद्या पुढाऱ्यांसाठी बाटलीबंद पानी आलतं. महिपतीअण्णा तेवढा एक मानूस, जो बायांच्या घोळक्यात जाऊन भीमाबाईच्या घागरीतलं पानी मागून प्याला. तिनं ते लई दिवस सांगितलं. आमच्या लोकात अशी गोष्ट मानूस इसरत न्हाय.

मी हे सांगितलं आन् माझी जीभच झडायला पायजे हुती.

पंधरा दिवसांनी गेटजवळ चौथरा झाला. दगड उभा बसवला, म्हंजे दोन्ही बाजू दिसाव्यात. महिपतीअण्णा रस्त्याकडं. भीमाबाई आतल्या अंगाला, मुतारीच्या भिंतीकडं. मधे हातभर जागा. मी म्हनलं, "भैय्या, ठरलं ते असं न्हाय. तिचं नाव भाईर हुतं." ऋतुराज माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हनला, "मामा, दोघांचंही राहिलं ना? नाहीतर अनधिकृत म्हणून दोन्ही जातील. मला बापाचं नाव परत मिळालंय, तुम्ही समजून घ्या."

समजून घ्यायला आमीच. मी गप बसलो, कारन दगड गेला असता तर समदंच गेलं असतं.

कार्यक्रमाला मांडव, खुर्च्या, शेंगाचटणी आन् कडक भाकरीचं जेवान. मला पयल्या रांगंत बसवून परत शाल दिली. ऋतुराज चाळीस मिनटं बोलला. घागरीच्या एका पेल्यापासनं तेनं समतेची गंगा केली. तेच्या बापानं पानी प्यालं हे चाळीस मिनटं ऐकलं. पानी कुनाच्या घागरीचं हे एकदाबी आलं न्हाय, 'एक गरीब भगिनी' येवढंच. भीमाबाईनं जित्ती असताना डोक्यावर दगड वाहिला, आता मेल्यावर पाठीवर समदी सतरा नावं घेऊन उभी हुती, आन् तोंड मुतारीकडं. मी घरी येऊन ती शाल भांडी ठेवायच्या कपाटात कोंबली. जेवलो न्हाय.

शेवटी डिसेंबरात पालिकंची निवडनूक लागली. अभिमन्यू साहेबांचा फोन. "नागनाथ, या बाबा. नवी कंत्राटी पोरं आहेत, त्यांना दगड सापडेनात. यादी आहे पण कुठला कुठं ते तुम्हालाच माहीत." मी खळ शिजवली, मिरचीपूड घातली, गेलो. मॅडम त्याच. यादीत बारा नंबरला आता छापलं हुतं: महिपती शिरगिरे, दोन्ही बाजू.

मी रस्त्याकडची बाजू झाकली. चांगली जाड खळ लावली, कडा दाबल्या. चंद्रिका मॅडम त्या हातभर जागंत आडव्या होऊन आत शिरल्या. कारकून नाकाला रुमाल लावून भाईरच थांबला. मुतारीच्या वासाचा येवढा उपयोग झाला.

मीबी मागनं शिरलो, हातात कागद घेऊन. मॅडमनी नाव वाचलं. हळूच म्हनल्या, "नागनाथ, नियम असा आहे की राजकीय व्यक्तीचं नाव झाकायचं. खरं सांगा. ह्या बाईंनी कधी राजकारण केलं होतं?"

म्हनलं, "एकदा केलं, मॅडम. उद्घाटनाच्या दिवशी तिनं मला इचारलं, ज्येनी दगड वाहिला तेंचं नाव कुटं हाय."

"मग?"

"मग मी हसलो."

मॅडमनी नाव परत एकदा वाचलं. मग म्हनल्या, "हे तर खरं झाकायलाच पाहिजे. बागेतलं सगळ्यात मोठं राजकारण हेच आहे." आन् पेन काढून यादीत 'दोन्ही बाजू' खोडलं, तितं बारीक अक्षरात लिवलं: मागील बाजू कोरी. खाली सही केली. माझ्या हातातला कागद घेऊन घडी घातली आन् आपल्या पिशवीत टाकला.

भाईरनं कारकून ओरडला, "मॅडम, मागं काही आहे का?"

"काही नाही," मॅडम म्हनल्या.

तवा कसं झालं बगा. बागंत आकरा दगड आन् बाराव्याची एक बाजू, समद्यावर खाकी कागद. मंत्री झाकले, महापौर झाकले, भावी बी झाकले आन् माजी बी झाकले. समद्या बागंत पुढं महिनाभर एकच कोनशिला उघडी. लोकांची वाचायची सवय जात न्हाय. मानूस मुतारीला जातोय, आन् येताना त्या फटीत डोकावून वाचून येतोय. पोरं मोठ्यानं वाचत्यात. सरकारच्या कागदावर ती जागा कोरी हाय.

तिसऱ्या दिवशी ईरम्मा सूप बाकावर ठेवून तितं आली. तिलाबी वाचता येत न्हाय. म्हनली, "नागनाथ, वाच की, काय लिवलंय."

मी वाचलं. भीमाबाई नागनाथ तळभंडारे, हिने या बागेचे दगड वाहिले.

ईरम्मानं दोनदा मान हलवली. मग रुपेरी चाकाकडं बगितलं. म्हनली, "आन् बत्तीस वर्सं ज्येनं ते चाक फिरवलं, तेचं नाव कुटं हाय?"

ह्या येळी मी हसलो न्हाय. चाकाम्होरच्या दगडावर खाकी कागद हुता, तोंड झाकलेलं, पाठ कोरी. मी ईरम्माला इचारलं, "तुज्या मालकाचं पुरं नाव सांग," आन् धुळा पाथरवटाला फोन लावला.